पाऊस की पान? एका डिशच्या बिघाडातून शिकलेली संशोधनाची रीत



"पीएचडीला लागण्याआधी नेमकं काय शिकून घेऊ?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. कोणी सॉफ्टवेअरचं नाव ऐकायला उत्सुक असतं, कोणी पुस्तकाचं. माझं उत्तर मात्र एकच आहे: बिघाड शोधायला शिका. तुमचं निम्मं संशोधन त्यातच जाणार आहे. आज एक उदाहरण सांगतो. त्यात माझा पावसाळ्यातला अकरा रात्रींचा डेटा गेला, आणि चूक माझीच होती.

प्रसंग असा

माझं फील्डवर्क गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर आहेत, ते रोज रात्री डेटा पाठवतात. मोबाइलला रेंज नाही, म्हणून खोलीच्या आवारात व्हीसॅटची डिश बसवली. बसवली एप्रिलमध्ये, आणि मे महिनाभर मस्त चालली. गावातली पोरंही परीक्षेचे फॉर्म भरायला माझ्याकडेच यायची.

जुलै आला आणि नेट गेलं. मी वहीत लिहिलं, "कारण: पाऊस." विषय संपला! लॉगरमध्ये फक्त सात दिवसांची साठवण होती. जुना डेटा पुसून नवा येत राहिला आणि मी पाऊस थांबायची वाट बघत बसलो. शेजारच्या मुलाला फॉर्मसाठी शेवटच्या दिवशी तालुक्याला पळावं लागलं. शेवटी आवार सांभाळणारे काका म्हणाले, "सर, पाणी थांबल्यावर बी नेट काहून नाही येत जी?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता.

आधी 'खराब सिग्नल' म्हणजे काय ते ठरवा

व्हिडिओ कॉलमध्ये आवाज उशिरा पोचतो, हा बिघाड नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तुमची विनंती वर जाते, खाली येते, आणि उत्तरही तसंच वर जाऊन खाली येतं. चार फेऱ्यांना प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो. डिश कितीही नीट बसवा, हा वेळ कमी होणार नाही.

आपल्याला बघायचा आहे तो मॉडेमच्या स्टेटस पानावरचा सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराचा आकडा. तो डेसिबलमध्ये असतो. ३ डेसिबल घट म्हणजे ताकद निम्मी. माझा मे महिन्यातला आकडा १३ होता, जुलैत पाऊस नसतानाही ५. ही ८ डेसिबलची घट म्हणजे ताकद साधारण सहाव्या हिश्श्यावर आली.

सुदैवाने दर सोमवारी हा आकडा मी लिहून ठेवत होतो. दुर्दैव असं की लिहून ठेवलेलं कधी एकत्र बघितलंच नाही.

बिघाडाचा चेहरा काळात दिसतो

आता मुद्द्याचं. प्रत्येक कारण आकड्यावर आपापला ठसा सोडतं.

पाऊस: व्हीसॅट बहुतेक केयू बँडवर चालतं. खाली येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. म्हणूनच जोराच्या सरीत घरचा डीटीएच टीव्हीही अडकतो. पण सर गेली की आकडा परत वर येतो.

कनेक्टरमध्ये पाणी: पाऊस थांबला तरी आकडा खालीच राहतो. दोन-तीन दिवस ऊन पडलं की हळूहळू सुधारतो.

डिश हलली: आकडा एकदम पडतो आणि तिथेच राहतो. पाऊण मीटरच्या डिशचा झोत जेमतेम दोन अंश रुंद असतो. दोन मीटरच्या खांबाचं वरचं टोक साडेतीन सेंटिमीटर सरकलं की एक अंश गेला. वादळ किंवा उड्या मारणारी वानरं, एवढं पुरतं.

सूर्य: मार्चच्या सुरुवातीनंतर आणि ऑक्टोबरच्या आरंभी सूर्य थेट उपग्रहामागे येतो. तेव्हा काही दिवस दुपारी ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल जातो. काही करू नका, आपोआप थांबतं.

झाड: आकडा आठवड्यांमागून आठवडे उतरत जातो. पानं ओली झाली की आणखी पडतो, वाऱ्यात वरखाली होतो.

माझे सोमवारचे आकडे एका रेषेत मांडले: १३, ११, ८, ५. एकदम पडले नव्हते, आणि पावसाबरोबर वरखालीही झाले नव्हते. ते जूनभर उतरत होते.

आता डोळ्यांपुढे आणा: साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पालवी फुटते आणि बघता बघता सुपाएवढी पानं होतात. डिश एप्रिलमध्ये बसवली तेव्हा समोर नुसत्या काड्या होत्या. पाऊस आणि पान दोन्ही एकाच वेळी आले आणि मी सगळं पावसाच्या नावावर मांडलं. संशोधनाच्या भाषेत हे गुंतलेले घटक. तुमच्या प्रबंधातही ते असेच जोडीने येतील.

अंदाज पुरेसा नाही, गणित करा

समजा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. इस्रोचा जीसॅट-११ तिथेच आहे. तो ५ डिसेंबर २०१८ रोजी सोडला गेला. गडचिरोली साधारण २० अंश उत्तर, ८० अंश पूर्व. गणित केलं तर डिशची दिशा दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारे १७ अंश आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६५ अंश येते. ६५ अंशांचा टॅन २.१४. म्हणजे झाड डिशपेक्षा जितकं उंच, त्याला २.१४ ने भागा. त्याहून जवळ असेल तर अडथळा.

माझा साग डिशपेक्षा १५ मीटर उंच, अंतर ६ मीटर. १५ भागिले २.१४ म्हणजे ७ मीटर. शेंडा बरोबर झोतात! (दिशा मोबाइलच्या कंपासने बघणार असाल तर लोखंडी खांब आणि टिनाच्या पत्र्यापासून लांब उभे राहा.)

एका वेळी एकच बदल

तरीही लगेच डिश हलवली नाही. हलवताना कनेक्टर नवा लागतो, दिशाही नव्याने लावली जाते. मग सुधारणा कशामुळे झाली ते कळणार कसं? म्हणून तंत्रज्ञाला बोलावून क्रम ठरवला. आधी फक्त कनेक्टर बदलला, तीन कोरड्या दिवसांचे आकडे घेतले: ५ वरून साडेपाच. मग जागा तीच ठेवून दिशा नीट लावली: ६. शेवटी डिश चार मीटर मागे नेली: साडेबारा. आता छातीठोकपणे सांगता येतं की मुख्य कारण साग होता. बाकी दोन्ही दोष खरे होते, पण किरकोळ.

काम चालू असताना मॉडेम बंद ठेवा. डिश लहरी पाठवतेही, तिच्या तोंडासमोर उभं राहू नका. आणि झाड तोडायचा विचार मनात आणू नका. साग काय, मोह काय, दोन्ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. चार मीटर केबल त्याहून स्वस्त.

पुढे काय?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. दुर्गम भागांच्या यादीत गडचिरोलीचं नाव आहे. ते उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून सतत फिरत असतात. त्यामुळे उशीर कमी, पण आकाश जास्त लागतं. त्यांच्या साध्या डिशला ११० अंशांचा पट्टा दिसावा लागतो. डिश सरळ वर तोंड करून असेल तर क्षितिजापासून ३५ अंशांपर्यंत सगळं मोकळं हवं. तोच १५ मीटर उंच साग आता २१ मीटरवरूनही आडवा येईल. तिथे ठसाही वेगळा: एखादा उपग्रह झाडाआड गेला की काही सेकंदांचा खंड, मग परत सुरू. जंगलातल्या गावात अशी डिश बसवायची तर शाळेचं मैदान आधी बघा, आणि तेही ऑगस्टमध्ये.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या प्रयोगातलं, घरातलं, कुठलंही एक बिघडलेलं यंत्र घ्या. संभाव्य कारणं लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा, "हे खरं असेल तर आकडा काळाबरोबर कसा वागेल?" मगच पाना-पक्कड हातात घ्या. आणि सगळं नीट चालू असतानाचा आकडा आजच लिहून ठेवा. बिघडल्यावर तो मिळत नाही.

माझ्या वहीत "कारण: पाऊस" ही ओळ मी खोडलेली नाही. तिच्यासमोर काकांचा प्रश्न लिहून ठेवलाय.