पत्र कोणासाठीं लिहावयाचें?

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारच्या एक वृद्ध काकू घडी घातलेला कागद घेऊन आमच्याकडे आल्या. यजमान वारल्यावर त्यांच्या कर्जाची बाकी एका पतसंस्थेकडे राहिली होती, त्यासंबंधींचें तें पत्र होतें. दोन पानें भरून नियमांचे आंकडे व पोटकलमें. मुदतींत अर्ज केल्यास व्याजांत सूट मिळेल, ही काकूंच्या कामाची एकच गोष्ट. ती दुसऱ्या पानाच्या तळाशीं, बारीक अक्षरांत. मुदतहि एके ठिकाणीं तीस दिवस, तर दुसरीकडे पंधरा! जप्तीचा कागद समजून काकूंनीं तो देवघरांत पोथीखालीं ठेवून दिला होता. आम्हीं वाचला तेव्हां दोन्ही मुदती उलटल्या होत्या.

त्या रात्रीं आम्हीं प्रा. र. पं. कंगले यांनीं संपादिलेलें कौटिलीय अर्थशास्त्र पुन्हां काढलें. म्हैसूरच्या रा. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ प्रथम छापला. पुढें कंगल्यांनीं पाठभेद ताडून पाहून मुंबई विद्यापीठातर्फें त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. संहिता १९६० मध्यें, इंग्रजी भाषांतर १९६३ मध्यें आणि विवेचन १९६५ मध्यें प्रसिद्ध झालें. अर्थशास्त्र म्हटलें कीं लोकांस हेर आणि कर आठवतात. दुसऱ्या अधिकरणाच्या दहाव्या अध्यायाकडे, शासनाधिकाराकडे, फारसें कोणी वळत नाहीं.

हा अध्याय राजाच्या लेखी आज्ञांविषयीं आहे, व्यापाराविषयीं नव्हे, हें खरें. पण त्यांतील विचार कोणत्याहि कचेरीस लागू पडावा असा आहे. लेखाचे गुण सहा: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. अर्थक्रम म्हणजे मुख्य गोष्ट आधीं. स्पष्टत्व म्हणजे सर्वांस परिचित अशा शब्दांची योजना. दोष पांच. मळकट पत्र व फिकें, वेडेंवांकडें अक्षर ही अकांति. मागचें पुढच्याशीं न जुळणें हा व्याघात. मग पुनरुक्त व अपशब्द. आणि परिच्छेद नको तेथें पाडणें व हवा तेथें न पाडणें हा संप्लव. काकूंच्या पत्रावर पेन्सिलीनें खुणा करतां करतां पांचांपैकीं चार दोष आम्हांस सांपडले. व्याकरण तेवढें निर्दोष होतें!

आणखी एक सूचना आम्हांस या सर्वांहून मोलाची वाटते. ज्यास लिहावयाचें त्याचें वय, विद्या, व्यवसाय, शील, देश, काल इत्यादि ध्यानांत घेऊन त्यास अनुरूप असा लेख लिहावा, असें कौटिल्य सांगतो. त्या यादींत जाति व कुलहि आहे. तेवढा भाग आज कोणी पाळूं नये. बाकीचें मात्र आपल्याकडे शतकानुशतकें टिकलें. मध्ययुगीन गुजरातेंतील 'लेखपद्धति' हा संस्कृत नमुन्यांचा संग्रह दलाल व श्रीगोंदेकर यांनीं संपादिला व तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालीं निघाला. त्यांत कर्जाचीं व गहाणाचीं खतें आहेत, तशीं आप्तांस लिहावयाचीं पत्रेंहि आहेत. म्हणजे व्यवहार आणि जिव्हाळा एकाच लेखणीनें शिकावयाचा!

आपला मराठी मायना त्याच कुळांतला. वडिलांस साष्टांग नमस्कार, धाकट्यास अनेक आशीर्वाद. त्याची पुष्कळ थट्टा झाली, व खुशामतीसाठीं त्याचा उपयोगहि पुष्कळ झाला. तथापि एवढें खरें कीं, मायना लिहिणाऱ्यास लेखणी टेंकण्यापूर्वीं समोरचें माणूस डोळ्यांपुढें आणावेंच लागे. काकूंस आलेल्या पत्राचा मायना 'कर्जदार/वारस/जामीनदार' असा होता, आणि त्यांतले दोन शब्द खोडण्याचीहि तसदी कोणी घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं काकूंच्या वतीनें अर्ज लिहिला. पहिल्याच वाक्यांत सुटीची मागणी, दुसऱ्यांत विलंबाचें कारण, तिसऱ्यांत दोन मुदतींतील विसंगति. सहा ओळींत काम झालें. काकूंनीं तो स्वतः मोठ्यानें वाचून पाहिला, एक शब्द अवघड वाटला तो बदलावयास लावला आणि मगच सही केली. अर्ज टपालानें गेला त्यास आज तीन आठवडे झाले. पोंचपावती आली आहे. उत्तराची आम्ही वाट पाहत आहों.