वस्तुसंग्रहालय आणि ऊसतोड कुटुंबांतील किशोर विद्यार्थी

शाळेची सहल वस्तुसंग्रहालयास जाते तेव्हा बहुधा एकच प्रकार घडतो. मुले दोन रांगांनी आत शिरतात, काचेच्या कपाटांवरील पाट्या वहीत उतरवून घेतात आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन डबे सोडतात. ज्यास वाचन चांगले येते त्याच्या वहीत दहा पाट्या असतात. ज्यास येत नाही तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवितो. म्हणजे वर्गात जो मागे, तोच संग्रहालयातही मागे राहतो.

ज्यांची शाळा सुटण्याच्या बेतात आहे अशा मुलांच्या बाबतीत या गोष्टीचा विशेष विचार झाला पाहिजे. बीड, धाराशिव या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीस बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बारा-चौदा वर्षांचे मूल आईबापांबरोबर गेले, तर ते धाकट्या भावंडांस सांभाळते, पाणी भरते, वाढे बांधते. नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिले, तर आईबापांवाचून कित्येक महिने काढते. फडावरून परतलेल्या मुलास वर्ग पुढे गेलेला आढळतो. पुढच्या हंगामास मुलगा कोयता हाती घेतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आहे. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह निषिद्ध ठरविला आहे. कायदा मुलास वर्गापर्यंत आणतो. तेथे त्यास राहावेसे वाटणे हे मात्र शिक्षकाच्या हाती असते.

या मुलाच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो : ‘मला काही येत नाही.’ वास्तविक त्यास पुष्कळ येते. मोळी कशी आवळावी, धार कशी लावावी, ओझ्याने गाडी कोणत्या बाजूस कलते, हे तो जाणतो. परंतु या ज्ञानास शाळेत स्थान नसते. वस्तुसंग्रहालय ही अशी जागा आहे की जेथे हातांनी केलेल्या वस्तूंस मानाचे स्थान असते. म्हणून तेथील कार्यक्रमाचा पाया एवढाच असावा की, ज्याचे उत्तर पाटीवर नाही, पण हाताने काम केलेल्यास सुचू शकेल, असा प्रश्न मुलांस विचारावा.

उदाहरणादाखल धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय घेऊ. तेरणा नदीकाठचे हे गाव संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून सर्वांस परिचित आहे. हेच प्राचीन तगर नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदरास जाई, असे त्यात सांगितले आहे. गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू तेरचेच रहिवासी असलेल्या लामतुरे यांनी जमविल्या व त्यांतून हा संग्रह उभा राहिला. मृण्मूर्ती, मणी, भांडी, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू त्यात आहेत. काही मृण्मूर्ती दोन साच्यांतून, म्हणजे पुढचा व मागचा भाग वेगवेगळा काढून मग सांधून, घडविलेल्या आहेत.

पूर्वतयारी. भेट दसऱ्यापूर्वी व्हावी, कारण त्यानंतर पटावरील मुले गावात असतीलच असे नाही. शिक्षकाने प्रथम एकट्याने जाऊन यावे, उघडण्याची वेळ व सुट्टीचा वार विचारून घ्यावा आणि केवळ पाच वस्तू निवडाव्यात. पालकांची संमती, वाहन, पिण्याचे पाणी व मुलींसाठी स्वच्छतागृह यांची खात्री करावी. खर्चाअभावी एकही मूल मागे राहू नये. भेटीपूर्वी एक दिवस वर्गात ओल्या मातीचे दोन साचे करून त्यांतून एखादी आकृती काढण्याचा प्रयत्न मुलांकडून करवून घ्यावा. सांधा कोठे फाटतो हे ज्याने अनुभवले, तो मूर्तीकडे निराळ्या दृष्टीने पाहतो.

प्रत्यक्ष भेट. चार-पाच मुलांचे गट करावेत. स्थलांतरित मुलांचा वेगळा गट मुळीच करू नये. तसे केल्यास मदतीचा हात हाच कलंक होतो. प्रत्येक वस्तूपुढे दहा मिनिटे थांबावे. हा सांधा कसा झाकला असेल? मण्यास भोक कशाने पाडले असेल? कापडाची गाडी पावसात सापडली तर गाडीवान काय करीत असेल? अशा प्रश्नांवर मुलांस बोलू द्यावे, पाटी शेवटी वाचावी. गाडीचा प्रश्न निघाला की आजवर गप्प बसलेला एखादा मुलगा तोंड उघडण्याचा संभव असतो. त्याचे उत्तर चुकले तरी ते खोडून न काढता ‘तसे का वाटते?’ असे विचारावे. ज्यास लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे. जो बोलू इच्छित नाही त्यास नुसते पाहू द्यावे. घरची उचल, कर्ज, आईबाप कोठे आहेत, असले प्रश्न चारचौघांत कधीही विचारू नयेत.

भेटीनंतर. खरे काम येथून पुढे असते. हंगामास जाणाऱ्या प्रत्येक मुलास एक कोरी वही व पेन्सिल द्यावी. फडावरील दहा वस्तूंची चित्रे त्याने काढून आणावीत : कोयता, कोपीचा सांगाडा, चूल, गाडीचे जू, पाण्याचा हंडा. प्रत्येक वस्तू कोणी केली, कशाची केली, मोडली तर कशी सांधतात, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून टिपावे. गावी वा वसतिगृहात राहिलेल्या मुलांनी आपल्या भोवतालच्या वस्तूंची अशीच वही करावी. मूल असेल तेथील शाळेत त्याचे नाव दाखल व्हावे, हा प्रयत्न तर हवाच. वही त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु ‘आपली शाळा आपली वाट पाहते आहे’ ही जाणीव ती वही जागी ठेवते.

मूल परतले की पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या एका फळीवर शाळेचे संग्रहालय मांडावे. मुलाने वहीतील चित्रे वर्गास समजावून सांगावीत आणि इतरांनी प्रश्न विचारावेत. मग राहिलेले गणित, राहिलेले वाचन यांस आरंभ करावा. अनुपस्थितीचा जाब विचारून केलेल्या आरंभापेक्षा हा आरंभ निश्चितच अधिक फलदायी होईल.

एका भेटीने दारिद्र्य हटत नाही, की ठरत आलेले लग्न थांबत नाही. मुलीच्या लग्नाची कुणकुण लागताच शिक्षकाने मुख्याध्यापक, ग्रामसेवक व अंगणवाडीताई यांस कळविले पाहिजे, आणि मुलांच्या अडचणीसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक वर्गात लिहिलेला असला पाहिजे. पण शिक्षकास वेळीच कुणकुण लागण्यासाठी मुलीस त्याच्याशी बोलावेसे वाटावे लागते. ज्या शिक्षकाने तिच्या चुलीच्या चित्रापुढे थांबून ‘हे कसे केलेस?’ असे विचारले, त्याच्याशी ती बोलण्याचा संभव अधिक आहे.

फळीवरील वस्तूंच्या पाट्या शिक्षकाने लिहू नयेत. त्या मुलांनीच, वेड्यावाकड्या अक्षरांत का होईना, लिहाव्यात आणि खाली आपले नाव घालावे.