बारा वर्षांचे भय आणि अकरा महिन्यांचा आधार

घर भाड्याने देऊन त्याच्या उत्पन्नावर उतारवयात निश्चिंत राहावे, ही मध्यमवर्गीय मराठी माणसाची आकांक्षा जितकी जुनी, तितकेच जुने हे भयही, की बिऱ्हाडकरू एकदा आत आला आणि बारा वर्षे टिकला म्हणजे घर त्याचेच झाले. या समजुतीला १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात थोडा आधार सापडतो, नाही असे नाही. स्थावराच्या ताब्यासाठी बारा वर्षांत दावा न लावणाऱ्या मालकाचा हक्क बुडू शकतो. परंतु ही बारा वर्षे मोजावयाची ती मालकाचा हक्क उघडपणे झुगारून केलेल्या विरोधी कब्जाची. जो मालकाच्या संमतीने आत आला आणि दरमहा भाडे मोजून त्याची मालकी कबूल करीत राहिला, त्याची वहिवाट बारा काय, बत्तीस वर्षांची झाली तरी तेवढ्याने विरोधी ठरत नाही.

तरीही हे भय केवळ अज्ञानातून उपजलेले नव्हे. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर १९४० च्या दराला जखडून ठेवली; आणि पुढे १९७३ च्या दुरुस्तीने तर, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ने जो राहत होता त्याला भाडेकरूचे संरक्षण बहाल केले, तेव्हा परवान्याने दिलेली जागा परवान्याचीच राहील हा मालकांचा भरवसा एका फटक्यासरशी नाहीसा झाला. ती पिढी गेली, पण तिची धास्ती वारशाने मागे राहिली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यात दरसाल शेकडा चार वाढ करण्याचा अधिकार मालकाला दिला आहे, हेही पुष्कळांच्या गावी नसते.

याच धास्तीच्या पोटी दुसरा भ्रम जन्मला: करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणीची यातायात टळते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून काढलेली ही पळवाट. महाराष्ट्रात मात्र ती बंद आहे. येथील कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, जिच्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण माझ्या मते खरी शिक्षा निराळीच आहे: दस्त नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याउलट, राहण्यासाठी दिलेल्या परवान्याचा रीतसर दस्त असेल, तर मुदत संपताच कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि पुढे जितके दिवस जागा अडेल तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. ज्या कागदाला मालक कंटाळतो, त्याचे रक्षण करणारा कागद तोच.

भाडे म्हणजे बसल्या जागचे उत्पन्न, हा समज हिशेबाच्या वहीपुढे टिकत नाही. समजा, ७० लक्षांची सदनिका दरमहा २०,००० रुपयांनी दिली. वर्षाचे २,४०,००० दिसतात. परंतु एक महिना जागा रिकामी राहिली, सोसायटीचे ३०,०००, घरपट्टीचे १०,००० आणि डागडुजीचे २०,००० गेले, की हाती १,६०,००० उरतात, म्हणजे शेकडा सव्वादोनहून किंचित अधिक, आणि तेही आयकरापूर्वी. दुरुस्तीची बिले जपून ठेवली म्हणजे कर कमी होईल, या आशेने कपाटे भरणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. वस्तुतः मालकाने भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर शेकडा तीस सूट सरसकट मिळते, पैसाही खर्चला नसला तरी. आणि त्याहून अधिक खर्चला तरी तितकीच.

‘राहतो तो, दुरुस्तीही त्यानेच करावी’ हे वाक्य तर प्रत्येक वाड्यात ऐकू येत असे. कायदा म्हणतो, घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, याविरुद्ध करार नसेल तर. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस दिल्यानंतरही वाजवी मुदतीत मालक हलला नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. परवान्याच्या करारात नळ, पंखे, रंगसफेदी कोणाकडे, हे स्पष्ट लिहून ठेवणे उत्तम. गच्ची आणि पन्हळी यांची पाहणी मात्र मालकाने वैशाखातच उरकावी; आषाढात गवंडी मिळत नाही, आणि मिळालाच तर ओल्या भिंतीवर त्याचा गिलावा धरत नाही.