राखणीचे कुत्रे विकत कशाला?

गेल्या वर्षी माघ महिन्यात आमच्या वस्तीवरचा मोत्या बिबट्याने नेला. उसाच्या पट्ट्यात ही काही नवलाची बातमी राहिलेली नाही. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या भागांत कोणत्याही वस्तीवर जाऊन विचारा, कोणाचे कुत्रे गेले, कोणाची शेळी गेली, याचीच गोष्ट ऐकायला मिळेल. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. त्यात पाणी आहे, सावली आहे आणि माणसाची वर्दळ नाही. मादी तिथेच पिल्ले घालते, तिथेच वाढवते, आणि तिचे सर्वांत सोपे भक्ष्य म्हणजे आपल्या दारातले कुत्रे.

पण मोत्या गेला त्यात बिबट्याइतकाच दोष माझा आहे. मोत्या रात्री शेजाऱ्यांच्या शेळ्यांवर भुंकत जाई, त्यावरून कुरबूर झाली, तेव्हा "रात्री बांधून ठेवत जा" हा सल्ला मीच धाकट्या भावाला दिला. एवढेच नव्हे, तर तालुक्याच्या बाजारातून चांगली जाड साखळीही मीच आणून दिली. शेतकऱ्याला सल्ला देण्यात माझी नोकरीची तीस वर्षे गेली, पण एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, की मोकळे कुत्रे निदान पळून ओट्यावर तरी येते. उघड्यावर साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेले ताट. शिवाय त्या ताटाच्या ओढीने तो घराच्या दारापर्यंत यायला शिकतो, आणि घरात लेकरे असतात. सकाळी खुंट्याला तुटका पट्टा तेवढा राहिला होता. पुतणी नऊ वर्षांची. दोन दिवस ती धड जेवली नाही. भावजयीने मला स्पष्टच सांगितले, "भाऊजी, आता या घरात कुत्रं नको."

महिना गेला. गोठ्यात दोन गाई, एक कालवड, चार शेळ्या, परड्यात कोंबड्या. रात्री पाचोळा वाजला तरी सगळी जागी होऊ लागली. भावाने बाजारात चौकशी केली. एकाने जर्मन शेफर्डचे पिल्लू पंधरा हजाराला सांगितले. मी म्हटले, दाट केसाचे ते जनावर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर धापा टाकत पडणार, त्याला थंड फरशी, रोजची विंचरणी आणि वेगळा खुराक लागणार. आपल्या मातीतले कुत्रे आपल्या हवेला जुळलेले असते. त्याची कातडी, त्याचे पाय, त्याचे पोट इथल्यासाठी घडलेले असते. तेव्हा पैसे मोजून कुत्रे कशाला आणायचे? जिल्ह्याच्या गावी प्राण्यांचे आश्रयगृह आहे, तिथे जाऊन पाहू.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना पांजरपोळ माहीत असते ती भाकड गाईंसाठी. परंतु मुंबईच्या पांजरपोळीचा उगम कुत्र्यांशी जोडलेला आहे. १८३२ साली इंग्रज सरकारच्या हुकुमावरून मुंबईत मोकाट कुत्री मारणे सुरू झाले, तेव्हा पारशी समाज चिडून उठला आणि शहरात दंगल झाली. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. १८७४ साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत निघाली आणि परळचे जनावरांचे इस्पितळही त्याच काळातले. म्हणजे टाकलेल्या जनावराला छप्पर देण्याची चाल आपल्याकडे दोनशे वर्षांची होत आली. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा तर घरोघर सांगतात. तरीही बाजाराच्या दिवशी गोणपाटात पिल्ले भरून ओढ्याकाठी सोडून येणारेही आपणच, आणि त्या गोणपाटात बहुतेक माद्या असतात.

आश्रयगृहात आम्ही गेलो तेव्हा सकाळची साफसफाई चालली होती. फिनेलचा वास, पन्नास-साठ कुत्र्यांचा एकच कालवा. भावाला रुबाबदार नर हवा होता. तिथल्या माणसाने दाखवली ती तांबड्या रंगाची, तीनेक वर्षांची मादी. कानाच्या टोकाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. मोटारीच्या धडकेत मागचा पाय मोडला होता, तो जुळला पण चालताना किंचित लंगडते. बाकीची जाळीवर उड्या मारत होती, ही मागे बसून आमच्याकडे पाहत होती. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, लंगडी कुत्री न्यायची का? गाव हसंल."

पुढचा प्रकार त्याहून वेगळा झाला. त्या माणसाने आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर कोठे, कुंपण आहे का, घरात लहान मूल आहे का, आधीचे कुत्रे कशाने गेले, ही रात्री कोठे झोपणार? भावाने खरे ते सांगितले. ऐकून तो म्हणाला, "रात्री बंद जागा केल्याशिवाय मी कुत्रं देणार नाही. जागा करा, फोटो आणा, मग या." भाऊ भलताच रागावला. बाहेर येऊन म्हणाला, "कुत्रं आणायला आलोय का पोरगी मागायला?" परतीच्या वाटेवर तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, कारण त्या माणसाचे बरोबर होते.

चार दिवसांनी गोठ्याच्या भिंतीला लागून लोखंडी अँगल आणि जाड वेल्डेड जाळीची खोली उभी राहिली. वर पत्रा, पत्र्याखालीही जाळी, खाली फरशी, दाराला आतून-बाहेरून लागेल अशी कडी. तिची एक बाजू अंगणाकडे उघडी, म्हणजे कुत्र्याला सगळे दिसते, वास येतो, ते भुंकून उठवते, पण बिबट्याचा पंजा आत पोचत नाही. बिबट्याच्या भागात कुत्रे पाळायचे तर एवढे करावेच लागते. शेळ्यांच्या गोठ्यालाही हीच जाळी लावली, हे मात्र भावाने स्वतःच्या डोक्याने केले. खर्च झाला तो बाजारातल्या त्या पिल्लाच्या किमतीत बसला.

दुसऱ्या खेपेला अर्ज, ओळखपत्राची नक्कल, सही, आणि लसीचे कार्ड हातात. कुत्री पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही, जमले नाही तर परत आणून देऊ, असे लिहून घेतात. ही अट वाचून हसू नये. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात दिलेल्या आदेशातही हेच आहे: प्राणिप्रेमींना अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेता येईल, पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

नराऐवजी मादी आणि पिल्लाऐवजी मोठे जनावर, यावर गावात बरीच चर्चा झाली. माझे मत असे. मादीबद्दलची सगळी तक्रार वेतांची असते. वर्षातून दोनदा माजावर येणार, दारात नरांची झुंबड, दोन महिन्यांनी पाच-सहा पिल्ले. नसबंदी झाली की तो प्रश्नच संपतो, आणि राखणीला मादी नरापेक्षा तसूभर कमी नसते. मोठ्या जनावराचा स्वभाव आधीच कळतो. पिल्लू कसे निघेल ते कोण सांगणार? शिवाय लहान पिल्लांना पार्व्हो नावाचा जुलाबाचा रोग होतो, लस न टोचलेली पिल्ले त्यात दोन-तीन दिवसांत जातात. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही धाकधूक पुष्कळ कमी.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस तांबडी खाटेखालून हलली नाही. भाकरीला तोंड लावले नाही. भावजय म्हणाली, "आजारी जनावर गळ्यात मारलं." जुने जाणते लोक एक ढोबळ हिशेब सांगतात, बुजणे मोडायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. आमच्याकडे तसेच घडले, फक्त मधे एक अपघात झाला. पाचव्या दिवशी तिने भावजयीची अंड्यावरची कोंबडी धरली. भावाने काठी उचलली, पुतणीने ती धरून ठेवली. मारून कुत्रे कोंबडी सोडत नाही, माणसाला भिते एवढेच. मग दोन आठवडे तिला दोरीत धरून कोंबड्यांत फिरवली, कोंबड्यांकडे दुर्लक्ष केले की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. ते काम पुतणीने केले. भावजय मात्र अजून त्या कोंबडीचा हिशेब मांडते.

खाण्याबद्दल थोडे सांगतो. नुसती भाकरी आणि ताक यावर कुत्रे जगते, पण धड राहत नाही. त्यात अंडे, शिजवलेले मांस किंवा मासळी असावी. शिजवलेले हाड देऊ नये, त्याच्या काड्या आतड्यात रुततात. आपल्या भागात कांदा आणि द्राक्षे अंगणात पडलेली असतात, ही दोन्ही कुत्र्याला विष आहेत. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करतात. म्हणून फोडणीचे कालवण पाजायची सवय सोडावी. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष ठेवाल तेव्हा कुत्रे बांधून ठेवा, आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरा. जत्रेत बोकड पडला की त्याचे कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकतात, तेही थांबवावे. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात पाण्याच्या गाठी होतात. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध, गोचीड दिसताच उपाय, एवढे केले की बरेच भागते.

आता पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज. यावर मी नेहमीपेक्षा जास्त लिहितो आहे, कारण माझ्या फिरतीत मी चावलेल्या जागेवर तिखट, चुना, हळद, कॉफीची पूड बांधलेली माणसे पाहिली आहेत. कुत्रे कोणतेही असो, घरचे असो वा रस्त्यावरचे, चावले की पहिली गोष्ट म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुणे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. जखमेवर दुसरे काहीही नको. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करणे आणि कार्डावर लिहिलेल्या तारखांना सगळे डोस पुरे करणे. जखम रक्ताळली असेल तर लसीशिवाय जखमेत द्यावयाचे दुसरे औषधही लागते. ते तालुक्याला मिळाले नाही तर जिल्ह्याला जावे, पण वाट पाहू नये. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की पुढे उपाय जवळजवळ नाहीच. मंत्र्याच्या ओट्यावर बसून गेलेली वेळ परत मिळत नाही. गाय-म्हैस चावली गेली तर पशुवैद्यकाकडून तिलाही लसीचा क्रम सुरू करता येतो. आणि पाळलेल्या कुत्र्याला दर वर्षी लस टोचून घेतली, तर घरातला धोका मुळातच खुंटतो. आश्रयगृहातून कुत्रे आणण्याचा मोठा फायदा मला हाच वाटतो, की लस आणि नसबंदी झालेली असते आणि तारीख कागदावर असते.

सगळ्यांनीच कुत्रे आणावे असे माझे म्हणणे नाही. ऊसतोडीला सहा महिने घर बंद ठेवणाऱ्याने आणू नये. घरात दूध पिणारे मूल आहे आणि कोणाला सवड नाही, त्यानेही थांबावे. धान्याच्या कोठीत उंदीर फार झाले असतील तर कुत्र्यापेक्षा मांजर बरे. अशा ठिकाणी मांजरीही मिळतात आणि एकमेकींना सरावलेल्या दोन आणल्या तर त्या लवकर रुळतात. मात्र ताप आला म्हणून मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, एका गोळीनेही ती मरते.

या दिवाळीच्या सुमारास शेजारच्या फडाला तोड लागली. फड तुटायला लागला की बिबट्या जागा बदलतो, म्हणून ते आठ दिवस फार जपायचे. त्यांतल्या एका पहाटे तांबडी जाळीत अशी काही भुंकली की भाऊ बॅटरी घेऊन उठला. दार त्याने उघडले नाही, खिडकीतूनच उजेड टाकला आणि पत्र्याचा डबा बडवला. उजाडल्यावर विहिरीच्या ओल्या मातीत ठसे होते. शेळ्या चार, कोंबड्या सगळ्या, कुत्री जाळीत. भावजयीने त्या सकाळी चुलीवरची पहिली भाकरी दुधात कुस्करून तिच्या थाळीत घातली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "उरली होती."

परवा आश्रयगृहातून चौकशीचा फोन आला. भाऊ बोलला, चांगला दहा मिनिटे बोलला. तिच्या लसीची पुढली तारीख फाल्गुनात आहे. पुतणीने ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनने लिहून ठेवली आहे.