कळफलकाचे मोल आणि गरजेची मर्यादा

दीपावलीच्या वहीपूजनात आता लाल बांधणीच्या वहीशेजारी संगणकाचा कळफलकही पाटावर येऊन बसला आहे. पेढीचे जमा-नावे ज्या कळांतून उमटते, त्यांनाही कुंकवाचे बोट लागते. मात्र याच कळफलकावरून अनेक व्यापारी घरांत पिता-पुत्रांचे मतभेद होऊ लागले आहेत. मुलाला स्विच काढून बदलता येणारा, दहा-बारा हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड हवा असतो. वडील विचारतात, सातशे रुपयांच्या कीबोर्डने आजवर कोणता आकडा चुकला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा व्यवहार नीट तपासून पाहिला पाहिजे.

साध्या कीबोर्डमध्ये सर्व कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. कळ दाबली की रबराचा छोटा घुमट खचतो व खालच्या पातळ थरांवरील वाहक रेषा एकमेकींना टेकतात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग असते. जर्मनीच्या चेरी कंपनीची १९८० च्या दशकातील ‘एमएक्स’ रचना आजही त्यात प्रमाण मानली जाते. तीत कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते. पण २ मिलिमीटरवरच अक्षर उमटते, त्यामुळे बोट तळापर्यंत आपटावे लागत नाही. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, आउटेमू यांसारख्या चिनी कंपन्यांनी तशाच बनावटीचे स्विच आणले व किमती उतरल्या. पूर्वी स्विच डाख देऊन पक्के केलेले असत. आता ‘हॉट-स्वॅप’ खोबणीमुळे चिमट्याने जुना स्विच ओढून नवा दाबून बसवता येतो.

विक्रेते सांगतात की, असा स्विच ५ कोटी वेळा दाबला तरी टिकतो. व्यापाऱ्याने येथे थोडे गणित करावे. समजा, पेढीवर दिवसाला २० हजार कळा दाबल्या जातात व त्यातील दहावा हिस्सा एकट्या ‘एंटर’च्या वाट्याला येतो. वर्षातील ३०० दिवस धरले, तर ‘एंटर’ वर्षाला ६ लाख वेळा दाबली जाईल. या हिशेबाने ५ कोटींना ८३ वर्षे लागतील. साध्या कीबोर्डचे आयुष्य अवघे ५० लाख दाबांचे धरले, तरी तो आठ वर्षे चालेल. म्हणजे केवळ टिकाऊपणासाठी मोठी रक्कम मोजण्यात अर्थ नाही. शिवाय कीबोर्ड बहुधा झिजून मरत नाही. तो सांडलेल्या चहाने, धुळीने किंवा तुटलेल्या वायरने जातो. चहा खालच्या सर्किटपर्यंत पोहोचला, तर नवे स्विचही त्याला वाचवू शकत नाहीत.

मग बदलत्या स्विचचा लाभ कोणता? दुरुस्ती, हाच. एखादी कळ अडकू लागली किंवा एकाऐवजी दोन शून्ये उमटवू लागली, तर हिशेबात दहापट घोटाळा होऊ शकतो. साध्या कीबोर्डमध्ये अशा एका कळेपायी सारा संच भंगारात जातो. येथे मात्र काही रुपयांच्या एका स्विचवर काम भागते. मात्र काही स्वस्त कीबोर्डच्या खोबणीत ठरावीक कंपनीचेच स्विच बसतात. ते आधी विचारून घ्यावे, अन्यथा बदलण्याची सोय नावापुरतीच उरते.

पेढीसाठी आणखी एक पथ्य आहे. महागड्या कीबोर्डपैकी अनेक आकाराने आटोपशीर असतात. त्यांत उजवीकडचा आकड्यांचा संच नसतो, आणि अगदी लहानांत वरची ‘एफ’ कळांची ओळही नसते. ‘टॅली’वर एफ५ ने पेमेंट, एफ६ ने पावती, एफ८ ने विक्री व एफ९ ने खरेदीची नोंद करणाऱ्या मुनीमजींना असा देखणा कीबोर्ड निरुपयोगी ठरेल. आकडे न पाहता टिपणाऱ्या त्यांच्या उजव्या हाताची सवय हेच पेढीचे खरे भांडवल आहे. पूर्ण आकाराचाच कीबोर्ड घ्यावा, आणि घेण्यापूर्वी तो मुनीमजींच्या हाताखाली द्यावा.

स्विचचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत: लाल सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये किंचित अडथळा जाणवून देतो, आणि निळा प्रत्येक दाबाला टकटक वाजतो. शेजारच्या खोलीत आजी सामायिकास बसत असतील, तर निळा घरात आणू नये.

स्वच्छतेच्या दृष्टीनेही या कीबोर्डचा एक गुण आहे. कळांच्या टोप्या सहज निघत असल्याने मऊ कुंचल्याने आतील धूळ काढता येते. फरसाणाच्या चुऱ्याने मुंग्या आल्या असतील, तर औषधाचा फवारा न मारता कीबोर्ड अंगणात अलगद उलटा धरावा व त्यांना वाट द्यावी. अर्थात टेबलावर खाणेच न नेणे, ही त्याहून श्रेष्ठ यत्ना.

येथे प्रश्न किमतीपलीकडे जातो. जो स्विच दुरुस्तीसाठी बदलता येतो, तोच हौसेसाठीही बदलता येतो. आज लाल, पुढल्या महिन्यात तपकिरी, मग वेगळ्या रंगाच्या टोप्या, मग दुसरा कीबोर्ड. अशाने वस्तू टिकते, पण खरेदी थांबत नाही. श्रावकाच्या भोगोपभोग-परिमाण व्रतात पुनःपुन्हा वापरावयाच्या वस्तूंनाही मर्यादा सांगितली आहे, ती अशाच प्रसंगांसाठी.

तेव्हा निर्णय असा करावा. दिवसाकाठी तासभर बिले करणाऱ्याला साधा कीबोर्ड पुरेसा आहे. सहा-आठ तास नोंदी करणाऱ्याला साधारण तीन-चार हजारांचा, पूर्ण आकाराचा, स्विच बदलता येणारा कीबोर्ड योग्य ठरतो. पेढीच्या कामासाठी तो जीएसटी क्रमांकावर घेतल्यास भरलेल्या कराची वजावटही मिळू शकते. त्यापुढील प्रत्येक हजार रुपये हे मुख्यत्वे धातूच्या देहाचे, रंगाचे आणि नादाचे मोल आहे. ते द्यायचेच असेल, तर हौस म्हणून द्यावे, गरजेच्या नावाखाली नव्हे.

मुलाने वडिलांना दुरुस्तीचा हिशेब दाखवावा, वडिलांनी मुलाकडून मर्यादेचा शब्द घ्यावा. मग पुढल्या दीपावलीला पाटावर जो कीबोर्ड येईल, त्याला कुंकू लावताना दोघांच्याही मनात किंतु उरणार नाही.