‘अनसोल्ड’ ते हॉल ऑफ फेम

आयपीएलचा लिलाव बघताना एक क्षण हमखास पोटात गोळा आणतो. नाव पुकारलं जातं, कॅमेरा सगळ्या टेबलांवरून फिरतो आणि एकही पॅडल वर जात नाही. ‘अनसोल्ड’! की लगेच पुढचं नाव. कॅनडाच्या मार्टिन सेंट लुईच्या बाबतीत तर आइस हॉकीच्या निवडीत त्याचं नावच कुणी घेतलं नाही. कारण काय, तर उंची. पाच फूट आठ इंच. धिप्पाड गड्यांच्या खेळात हा पोरगा टिकणार कसा?

आधी या खेळातलं करिअर कसं घडतं ते बघू. आइस हॉकीतली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल. अमेरिका आणि कॅनडा मिळून ३२ टीम्स. तिथली पोरं शाळेत जायच्या आधीच स्केट्स घालून बर्फावर उभी राहतात. सोळा वर्षांच्या आसपास दोन वाटा फुटतात. एक कॅनडाच्या ज्युनियर लीगची, दुसरी अमेरिकन कॉलेजची. ज्युनियर लीग खेळलात तर कॉलेज हॉकीचं दार बंद, असा नियम अनेक वर्षं होता. तो २०२५-२६ च्या सीझनपासून बदलला.

मग येतो ड्राफ्ट. अठरा वर्षं झालेल्या पोरांमधून टीम्स आळीपाळीने खेळाडू निवडतात. सध्या सात फेऱ्या, एकूण २२४ जागा. पण ड्राफ्ट झाला म्हणजे ऑफर लेटर हातात आलं असं नाही. बहुतेक जण आधी एएचएल या खालच्या लीगमध्ये जातात. बसचे लांबलचक प्रवास, छोटी शहरं, आणि वरून कधी फोन येतोय याची वाट. अनेकांना तो फोन कधीच येत नाही.

मार्टिनने कॉलेजची वाट धरली. १९९३ ते ९७ तो अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाकडून खेळला. गोल केला किंवा गोलसाठी पास दिला की एक पॉइंट, अशा हिशेबात त्याने तिथे २६७ पॉइंट कमावले. एवढं करूनही ड्राफ्टमध्ये नाव नाही. मग त्याने क्लीव्हलँडच्या टीमकडून खालच्या लीगमध्ये सुरुवात केली. १९९८ मध्ये कॅल्गरी फ्लेम्सने त्याला करार दिला, पण तिथे दोन सीझनमध्ये मिळून ६९ मॅचेस आणि फक्त चार गोल.

२००० च्या उन्हाळ्यात लीगमध्ये दोन नव्या टीम्स आल्या. त्यांनी जुन्या टीम्समधून ५२ खेळाडू उचलले. मार्टिन उपलब्ध होता, तरी त्याला कुणी घेतलं नाही. मग कॅल्गरीने उरलेल्या कराराचे पैसे देऊन त्याला मोकळं केलं. वय २५. आपल्याकडे या वयात नातेवाईक विचारायला लागतात, ‘मग आता पुढे काय?’

जुलै संपता संपता टँपा बे लाइटनिंगने त्याला घेतलं. तेव्हा ही टीम तळाला होती. पण अशा टीममध्ये एक फायदा असतो. जागा रिकाम्या असतात, बर्फावर जास्त मिनिटं मिळतात. मार्टिनने ती मिनिटं वाया घालवली नाहीत. २००३-०४ च्या सीझनमध्ये ९४ पॉइंटसह तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफीही त्याचीच. त्याच वर्षी स्टॅनले कपच्या फायनलमध्ये समोर कोण होतं? कॅल्गरी! सहाव्या मॅचला, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये, कॅल्गरीच्याच रिंकवर मार्टिनने विजयी गोल मारला. सातवी मॅच जिंकून टँपाने कप उचलला.

पुढे २०१३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो पुन्हा सर्वाधिक पॉइंट कमावणारा ठरला. एवढ्या वयात हा मान आजवर दुसऱ्या कुणी मिळवलेला नाही. २०१५ मध्ये निवृत्ती, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेम.

आता यावरून ‘जिद्द ठेवा, सगळं मिळतं’ असं पोस्टर करायचा मोह होतो. पण थांबा. एका मार्टिनमागे कितीतरी पोरं त्याच बसमधून फिरून घरी परतली. त्यांच्यातही जिद्द होतीच की! टँपात जागा रिकामी नसती, तर हेही नाव आज कुणाला माहीत नसतं. जागा कधी रिकामी होईल हे त्याच्या हातात नव्हतं. ती मिळेल तेव्हा तयार असणं मात्र होतं, आणि तो कॅल्गरीच्या बाकावरही तयारच होता. प्लेसमेंटची लिस्ट लागते आणि आपलं नाव दिसत नाही, तेव्हा यातला दुसरा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बाय द वे, निवृत्तीनंतर मार्टिन लहान मुलांच्या टीम्सना शिकवत होता. मुख्य कोच म्हणून एनएचएलचा अनुभव शून्य. फेब्रुवारी २०२२ मध्ये माँट्रिअल कॅनेडियन्सने त्याला थेट त्याच पदावर बसवलं. म्हणजे या वेळी बायोडाटाकडे बघून कुणी त्याला ‘अनसोल्ड’ ठेवलं नाही.