ध्वनीची मर्यादा

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघाले, की मध्य रेल्वेवर पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. समजा, येथील एका भजनी मंडळास आपल्या वृद्ध बुवांचा अभंग जतन करावयाचा आहे. बुवा, पेटी, पखवाज आणि टाळ यांसाठी चार मायक्रोफोन मांडले. प्रत्येकाचा आवाज संगणकात स्वतंत्र ट्रॅकवर उमटला. पुढे चारही ट्रॅक एकत्र करून ऐकतात, तो ऐन रंगात आलेल्या ठिकाणी स्वर फाटलेला आणि टाळांचा नाद कर्कश! असे का व्हावे?

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन होय. मायक्रोफोन त्याचे रूपांतर विजेच्या चढउतारात करतो आणि संगणक तो चढउतार मोजून आकड्यांत लिहितो. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळा होते व प्रत्येक मोजमापास ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध असतात. सर्वांत वरच्या पातळीस शून्य डेसिबेल म्हणतात; तिच्याखालील पातळ्या ऋण आकड्यांनी दाखवितात. त्यापलीकडे लिहावयास आकडाच नसतो. म्हणून लहर त्याहून उंच गेली, की तिचा शेंडा छाटला जाऊन सपाट होतो. ह्यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट झालेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेले स्वर शिरतात. तोच तो कर्कशपणा.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक ट्रॅक आपापल्या मर्यादेत असला, तरी त्यांची बेरीज मर्यादेत राहीलच असे नाही. दोन अगदी सारख्या लहरी मिळाल्या, की उंची दुप्पट होते, म्हणजेच पातळी सुमारे ६ डेसिबेलने चढते. पखवाजाची थाप, टाळ आणि बुवांचा तार स्वर एकाच क्षणी आले, की मीटरचा दिवा लाल होतो.

यावर उपाय सोपा आहे. आरंभी सर्व फेडर खाली ठेवावे. बुवांचा आवाज दबला, तर तो वाढविण्यापूर्वी इतरांचा कमी करून पाहावा. सर्वांत भरगच्च भाग लावून एकत्रित पातळी पाहावी व शून्याखाली काही डेसिबेल जागा मोकळी सोडावी. ऐकताना आवाज मोठा हवा असेल, तर ध्वनिवर्धकाची कळ फिरवावी.

मिश्रणातील चूक फेडर उतरवून पुन्हा सुधारता येते. परंतु ध्वनिमुद्रण करतानाच छाटलेला शेंडा जसाच्या तसा परत मिळत नाही. म्हणून मुद्रणापूर्वी बुवांकडून सर्वांत उंच स्वर म्हणवून घ्यावा आणि त्यावरून पातळी ठरवावी.

ही सावधगिरी नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यासमोर गात. त्या पद्धतीत आवाज चढला, की गायकास कर्ण्यापासून मागे सरावे लागे. साधने बदलली, तत्त्व तेच राहिले. बुवांचा कंठ उद्या थकेल. पण मुद्रण नीट झाले असेल, तर त्यांचा अभंग नातवंडांच्या कानी शुद्ध स्वरात पडेल.